फेकायला सांगितलेली बाटली

आमच्या कारखान्यात काचेच्या पट्टीवर नेहमी दोन ठिपके असत. डावा त्यांचा, उजवा आमचा. 'त्यांचा' म्हणजे परदेशातल्या एखाद्या मोठ्या कंपनीचं मूळ औषध. ते कोणीतरी बॅगेतून आणलेलं असे, नाहीतर बाहेरून मागवलेल्या गोळ्या खलबत्त्यात कुटून आम्हीच त्यातून वेगळं काढलेलं असे. 'आमचा' म्हणजे तोच पदार्थ, पण आमच्या माणसांनी वेगळ्या वाटेनं बनवलेला. पट्टी द्रावणात उभी करायची, द्रावण वर चढलं की काढून आयोडीनच्या बरणीत ठेवायची, आणि दोन्ही तपकिरी ठिपके एका रेषेत आले की प्लांटवर फोन करून सांगायचं, माल जुळला. त्या दोन शब्दांवर तिकडे दोनशे किलोचा घाणा पुढे सरकायचा.

कोणी याला नक्कल म्हटलं की मला आजही राग येतो. तेव्हाचा कायदा असा होता की औषधावर मालकी नव्हती, ते बनवण्याच्या रीतीवर होती. रीत नवी शोधा आणि औषध बनवा. हैदराबादच्या कडेकडेनं असे शेकड्यांनी कारखाने उभे राहिले ते याच जोरावर, आणि देशातल्या गरीब माणसाला गोळी परवडली तीही याच जोरावर. नवी रीत शोधायला डोकं लागतं. ते आमच्याकडे होतं.

माझं काम मात्र रीत शोधण्याचं नव्हतं. मी क्यू.सी.त होते, म्हणजे तपासणीच्या खोलीत. एम.एस्सी. झालेल्या बाईला प्लांटवर घेत नसत. शिफ्ट असते, बायकांना जमत नाही, असं सांगत. सहा वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेल्या मालातली घाण शोधली. अर्धा टक्का, पाव टक्का परका पदार्थ असला तरी माझ्या पट्टीवर तिसरा फिकट ठिपका उमटायचा आणि मी लॉट परत पाठवायची. प्लांटवरचे लोक मला पाठीमागे 'सासू' म्हणत. मला ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

आम्ही अंबरपेठेत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, सिकंदराबादला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मूळचे बिदरकडचे. शिकले चौथीपर्यंत, तेही निजामाच्या काळात, उर्दूत. मराठी घरात बोलायचे, वाचताना मात्र बोट ठेवून अक्षर अक्षर लावायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. मी हे लपवत नाही आणि कोणी कौतुक करावं म्हणून सांगतही नाही. पण आहे ते आहे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर सगळीकडे एकच चर्चा होती, कायदा बदलणार. अमीरपेठेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या पाट्या रोज नव्या लागत होत्या, आमच्या गल्लीत पहिली मारुती आली होती, आणि कारखान्याच्या कँटीनमध्ये लोक इडली खाता खाता पेटंटवर बोलत होते. आता औषधावरच मालकी येणार, मग आपण जुळवायचं कशाशी? आमचे मालक स्वतः केमिस्ट होते. त्यांनी ठरवलं की स्वतःचे नवे रेणू बनवायचे. कारखान्याच्या मागच्या बाजूला दोन मजली इमारत उठली. वर रसायन, खाली उंदरांची खोली. अमेरिकेत पंधरा वर्षं काम केलेले एक तेलुगू गृहस्थ प्रमुख म्हणून आले. त्यांना सगळे 'सर' म्हणत, मीही.

मी अर्ज केला. डॉक्टरेट नाही, रेणू बनवण्याचा अनुभव नाही, तरी केला. सरांनी बोलावलं आणि विचारलं, तू आजवर काय बनवलंस? मी म्हटलं, काहीच नाही, पण सहा वर्षं सगळ्यांचं चुकलेलं बघितलंय. ते हसले. मग अट सांगितली. सहा महिने. एक रेणू स्वतः कल्पायचा, स्वतः बनवायचा, तो प्राण्यावर चालला पाहिजे. नाहीतर परत क्यू.सी.त, आणि पुन्हा विचारायचं नाही. मी हो म्हटलं आणि बाहेर आले.

घरी सांगितलं तर अण्णांनी एकच गोष्ट विचारली. वर्कशॉपमध्ये कुठलाही पार्ट बनवायचा तर आधी ड्रॉइंग येतं. निळ्या कागदावर, मापं घालून. फिटरनं फक्त त्याबरहुकूम करायचं. ड्रॉइंग काढणारे साहेब वरच्या मजल्यावर बसत, आणि अण्णा त्या मजल्यावर तीस वर्षांत दोनदा गेले असतील.

"तुझ्या पार्टाचं ड्रॉइंग कोण देतं?"

"मीच काढते, अण्णा."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापासून समोरच्या पंतुलू मास्तरांपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की आमची पोरगी ड्रॉइंग काढते. आईला हे ऐकून वाटलं की मी कुठेतरी चित्रकलेच्या क्लासला जाते.

तो पहिला काळ आठवला की अजून नाकात इथाइल ॲसिटेटचा गोड वास येतो. सकाळी कंपनीची बस अंबरपेठहून निघायची, मेट्टुगुड्यावरून सिकंदराबाद, मग बालानगरच्या पुढे. खिडकीशी बसून मी वहीत षट्कोन काढत राहायची. नव्या इमारतीत एकच मोठा कॉम्प्युटर होता, रेणू पडद्यावर फिरवून दाखवणारा. त्याची खोली थंडगार, आणि दारात चपला काढून आत जावं लागे, देवळात जावं तसं. प्रत्येकाला आठवड्यातून ठरलेले तास. पायांना गारठा झोंबायचा आणि पडद्यावर हिरव्या काड्यांचा रेणू सावकाश वळायचा. मला वाटायचं, हे सगळं आपल्यासाठी आहे. मी अनवाणी बसून सूज उतरवणाऱ्या औषधाचा रेणू कल्पत होते. शरीरातल्या एका प्रथिनाला खोबण असते, त्यात अडकून बसेल असा. एका बाजूला लांब साखळी ठेवली, टोकाला अडकायला आकडा. हाच माझा रेणू. रजिस्टरमध्ये त्याला नंबर मिळाला, एकोणचाळीस.

माझ्याबरोबर क्यू.सी.तून चाचा आले होते. चाचा म्हणजे लॅब अटेंडंट. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल, कारखान्यात मालकांइतकेच जुने. काचेची भांडी त्यांच्या हातून कधी फुटली नाहीत. काचेच्या पट्ट्यांवर पांढऱ्या पावडरचा लेप ते असा द्यायचे की यंत्रानं दिल्यासारखा वाटावा. लोकांसमोर मला 'मॅडम' म्हणायचे, कोणी नसलं की 'बेटी'. सरांची अमेरिकेतली शिस्त त्यांना पटत नव्हती. सरांचा नियम होता की दर शुक्रवारी सगळी उरलेली द्रावणं टाकायची, बाक रिकामे दिसले पाहिजेत. चाचा मान हलवायचे आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे.

एकोणचाळीस बनवायला मला साडेतीन महिने लागले. शेवटची पायरी सोपी होती. ॲसिटिक ॲसिडमध्ये तीन तास उकळायचं. त्या दिवशी मात्र कॉम्प्युटरच्या खोलीत कोणीतरी रजेवर होतं म्हणून मला जादा वेळ मिळाला. मी चपला काढून आत गेले आणि पुढचे रेणू फिरवत बसले. परत आले तर तीनाचे पाच तास झाले होते. फ्लास्कमधला रंग जरा काळपट वाटला. पण पट्टीवर मुख्य ठिपका ठणठणीत होता, खाली एक बारीक सावली. खालच्या मजल्यावरून नमुन्यासाठी तगादा चालला होता. मी एकदा धुऊन, वाळवून, पिवळी पूड खाली पाठवून दिली.

खाली प्राण्यांवरचं काम बघणारी बाई विजयवाड्याकडची होती, माझ्याच वयाची. उंदराच्या पंजाला सूज आणायची, औषध द्यायचं आणि पंजा पाऱ्याच्या नळीत बुडवून सूज मोजायची, हे तिचं काम. ती निकाल नेहमी चिठ्ठीवर पाठवायची. त्या दिवशी स्वतः जिना चढून वर आली. सगळ्यांच्या समोर मला म्हणाली, "अक्का, तुझ्या पिवळ्यानं सूज उतरली."

त्या दिवशी मी डबा उघडला नाही. सरांनी बाकाशी येऊन माझ्या वहीवर सही केली आणि सही करताना मान डोलावली. बसमधून घरी जाताना सिकंदराबादच्या चौकात ट्रॅफिक अडलं होतं, आणि मला वाटत होतं, कुठे जायची घाई आहे, थांबू दे.

आणि मग मी ती चूक केली. क्यू.सी.तल्या सासूनंच ती करावी, अशी चूक होती.

मला त्या बारीक सावलीची लाज वाटू लागली. माझ्या नावावर अशुद्ध माल खाली गेला होता. सहा वर्षं ज्या कारणासाठी मी लोकांचे लॉट परत पाठवले तेच मी स्वतः केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी पहिल्या लॉटमधली उरलेली पूड कपाटातून काढली, अल्कोहोलमध्ये विरघळवली आणि पुन्हा स्फटिक केले. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी सुया आल्या, फिकट पिवळ्या, उन्हात धरल्या तर चमकणाऱ्या. पट्टीवर एकच ठिपका. गाळताना खाली उरलेलं काळपट पाणी एका बाटलीत होतं. त्याला आम्ही एम.एल. म्हणतो. स्फटिक गाळून उरलेलं द्रावण, ज्यात सगळी घाण राहते. मी ती बाटली चाचांना दिली आणि फेकायला सांगितलं. वहीत यातलं काहीच लिहिलं नाही.

तपासायला दिलेल्या मालाचा राखून ठेवलेला नमुना हात न लावता तसाच ठेवायचा असतो. हे मी इतर लोकांना शिकवलेलं आहे. क्यू.सी.त दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी स्वतः त्याची तक्रार केली असती.

पंधरा दिवसांनी सरांनी पक्की खात्री करायला नवा नमुना मागितला. मी त्या सुया पाठवल्या. या वेळी चिठ्ठी आली. काहीच परिणाम नाही. तिनं पुन्हा केलं, दुसरे उंदीर घेऊन. काहीच नाही. मी नवा लॉट बनवला, अगदी घड्याळ लावून तीन तास, तो शुद्ध केला, पाठवला. काहीच नाही. सर आता माझ्या बाकाशी थांबत नव्हते. खालच्या बाईला वाटलं तिचंच काही चुकलं. तिनं पाऱ्याची नळी बदलली, मोजमाप पुन्हा लावलं, आणि मी तिला ते करू दिलं. ते मला आजही टोचतं.

सहा महिने संपायला तीन आठवडे राहिले होते. त्यानंतर मालक, सर आणि विद्यापीठातले एक निवृत्त प्राध्यापक यांच्यासमोर मला उभं राहायचं होतं. क्यू.सी.तलं माझं जुनं स्टूल अजून रिकामं आहे, असं तिथल्या एका मुलीनं मला बसमध्ये सांगितलं. चांगल्या मनानं सांगितलं तिनं. तू परत आलीस तर मजा येईल, म्हणाली.

एका दुपारी मी बाकाशी नुसती बसले होते. चाचा काचा पुसत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं की पहिला माल आणि नंतरचा माल यात फरक काय. मी म्हटलं, नंतरचा शुद्ध आहे. त्यांनी फडका खांद्यावर टाकला.

"तो फिर काम घाण करी बेटी, माल नै."

मी म्हटलं, आता काय उपयोग, ती घाण तर तुम्ही टाकलीत. चाचा खाली वाकले. हवा ओढणाऱ्या कपाटाखाली, जुन्या पोत्यामागे, त्यांनी हात घातला आणि तपकिरी बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. वर त्यांच्या हातानं उर्दूत नंबर आणि तारीख.

"मैं फेंक्याच नै. प्लांट में बॅच पास हुए बगैर एम.एल. कौन फेंकता? तुमारे सर कू बोलना नक्को."

प्लांटवर ती जुनी रीत होती. बॅच पास झाल्याशिवाय एम.एल. टाकायचं नाही, कारण त्यात माल अडकलेला असतो आणि द्रावणही परत काढता येतं. चाचांनी ती रीत नव्या इमारतीत आणली होती, सरांच्या शुक्रवारच्या नियमाला न जुमानता. मी मात्र तिथल्या हवेनं अमेरिकेतलीच झाले होते.

ते काळं पाणी मी आटवलं आणि काचेच्या लांब नळीत पांढरी पावडर भरून त्यातून सावकाश खाली सोडलं. एकेक थर वेगळा उतरतो. चार दिवस मी आणि चाचा त्या नळीशी होतो, थेंब थेंब परीक्षानळ्यांत धरत. मधला एक थर नारिंगी होता. चिमूटभर पदार्थ. तो मी खाली नेला आणि त्या बाईला सगळं सांगितलं, सुया, कपाट, बाटली, सगळं. ती म्हणाली की तिनं दोन रात्री झोप घालवली होती नळी खराब झाली या विचारानं, आणि मला निदान कानात तरी सांगायला हवं होतं. तिनं नमुना घेतला, पण चहाला बस म्हटलं नाही.

नारिंगी पदार्थानं सूज उतरवली. पहिल्या पिवळ्यापेक्षा कितीतरी जास्त.

त्याची रचना कळायला शहरातल्या सरकारी संस्थेतल्या यंत्रावर काढलेला आलेख यावा लागला. त्याला आणखी आठवडा. आलेख बघून माझ्या ध्यानात आलं. त्या जादा दोन तासांत माझ्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून गेला होता, आणि मी खोबणीत अडकेल म्हणून कौतुकानं लावलेली लांब साखळी वळून, स्वतःलाच चिकटून, कडं झाली होती. आकडा नाहीसाच झाला होता. मी जे कल्पलं होतं ते चालत नव्हतं. चालत होतं ते मी कल्पलेलंच नव्हतं. मी अनवाणी बसून पडद्यावर रेणू फिरवत होते तेव्हा तो बाहेर, माझ्या अपरोक्ष, तयार झाला होता.

मी सरांकडे गेले आणि सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते आलेख हातात घेऊन खुर्चीत मागे टेकले. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या भल्यासाठीच होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. जगात सगळीकडे असंच चालतं, ते म्हणाले. रेणू आधी सापडतो, कारण नंतर लिहितात. तू लिही की हे कडं तूच कल्पलं होतंस, एकोणचाळीस ही फक्त त्याकडे जायची पायरी. समितीला कल्पना बघायची आहे. अपघातानं सापडलं म्हणालीस तर अट पुरी झाली असं मी कसं सांगू? आणि नमुन्याचं तर बोलूच नकोस.

नामपल्लीला नुमाइश भरली होती, हिवाळ्यातलं मोठं प्रदर्शन. दरवर्षी अण्णा आम्हाला एकदा घेऊन जात, त्या वर्षी आई गुडघा दुखतो म्हणून आली नाही, आम्ही दोघंच गेलो. काश्मिरी शालींच्या दुकानांपासून लोणच्यांच्या दुकानांपर्यंत अण्णा प्रत्येक ठिकाणी भाव विचारायचे आणि काही घ्यायचे नाहीत. मिरची भजी घेऊन आम्ही कठड्यावर बसलो. तिथे मी त्यांना सांगितलं की माझ्या ड्रॉइंगचा पार्ट चालला नाही. दुसराच एक आपोआप बनला, तो चालतो. आणि सर म्हणतात की तोच माझ्या ड्रॉइंगचा होता असं लिही.

अण्णांनी भजी संपवली, कागदाला हात पुसले.

"हौला झालो ना मी, येडा. साऱ्या गल्लीत सांगून बसलो."

मला रडू यायच्या बेतात होतं. त्यांनी ते बघितलं असावं, कारण मग ते वर्कशॉपचं सांगू लागले. कधीकधी इंग्रजांच्या वेळचं एखादं इंजिन यायचं, ज्याच्या पार्टाचं ड्रॉइंग कुठेच नसायचं. मग जुना पार्ट टेबलावर ठेवून, मापं घेऊन, त्यावरून ड्रॉइंग काढायचे. ते साहेबच काढायचे आणि तेही हुशारीचंच काम. पण त्या कागदाच्या खाली कोपऱ्यात लिहावं लागे, नमुन्यावरून काढलं. ते लिहिलं नाही तर पुढचा फिटर फसतो, कारण झिजलेल्या पार्टाची मापं तो खरी समजतो.

"तू काढलंस का मग त्याचं? मापं घेतली का?" त्यांनी विचारलं.

मी घेतली नव्हती. आलेख आल्यापासून मी फक्त स्वतःची कीव करत होते. त्या कडं झालेल्या रेणूकडे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं, कारण तो माझा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी तेच केलं. वही घेतली आणि त्याचा एकेक कोपरा तपासला. इथे क्लोरीन लावला तर काय, हे कडं एका घरानं मोठं केलं तर काय, हा ऑक्सिजन काढला तर सूज उतरायची थांबेल का. कॉम्प्युटरचा माझा तास आला तेव्हा मी तो खालच्या बाईला दिला, तिला बघायचं होतं. ती चपला काढून आत गेली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "चहा पितेस का, अक्का."

समितीच्या दिवशी मी आईची रेशमी साडी नेसले नाही, रोजचीच नेसले. खोलीत तिघं होते आणि कोपऱ्यात फळा. मी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. एकोणचाळीस चालत नाही. पाच तास उकळलं ते माझ्या दुर्लक्षामुळे. राखीव नमुना मी कोणाला न सांगता शुद्ध केला. एम.एल. मी फेकायला सांगितलं होतं, ते ठेवलं ते अटेंडंटनं, आणि त्याच्यावर कोणी रागावू नये. मी रिपोर्टच्या पानावर खाली लिहिलं होतं की रचना सापडलेल्या नमुन्यावरून काढली आहे. सर खिडकीबाहेर बघत होते.

प्राध्यापक भडकले. नमुन्याला हात लावणं म्हणजे काय हे तुला माहीत आहे का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं, दोनदा. मी दोन्ही वेळा हो म्हटलं. मला वाटलं, झालं. मनातल्या मनात मी क्यू.सी.च्या खोलीत जाऊन त्या स्टुलावर बसलेसुद्धा. मग मालकांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आता पुढे काय बनवणार?"

मी फळ्याशी गेले. पहिला षट्कोन वाकडा आला, तो पुसला. मग काढत गेले. प्रत्येक रेणू का, तो चालला तर काय कळेल, नाही चालला तर काय कळेल. अकरा झाले. फळा संपला. प्राध्यापकांनी सातव्याला हरकत घेतली की तो पोटात टिकणारच नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. मी सातवा पुसला. मालक सरांकडे वळून तेलुगूत म्हणाले, "ई अम्मायिनि इक्कडे उंचंडी." या मुलीला इथेच ठेवा. त्यांना बहुतेक वाटलं मला तेलुगू येत नाही. अंबरपेठेत वाढलेल्या मुलीला तेलुगू येणार नाही तर काय.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणी मोठ्या आशेनं वाचायला नको. त्या वंशातला एक रेणू, फळ्यावरच्या चौथ्याचा नातू म्हणावा असा, बराच पुढे गेला. मोठ्या प्राण्यांवर गेला तेव्हा यकृताला त्रास देऊ लागला आणि थांबवला गेला. औषध झालं नाही. माझ्या सगळ्या कामात औषध एकही झालं नाही. या धंद्यात बहुतेकांचं तसंच असतं. पण ते कडं मी निवृत्त होईपर्यंत तिथल्या नव्या मुलांच्या वह्यांत दिसायचं. कोणी आणलं, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या दिवशी मात्र हे काही ठाऊक नव्हतं. समितीनंतर तासाभरानं मला दोन कागद मिळाले. एकात मला रसायन विभागात कायम केल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्यात नमुन्याशी छेडछाड केल्याबद्दल ताकीद. दोन्हींवर सही सरांचीच, एकाच पेनाची. ताकीद देताना ते म्हणाले की ही फाइलमध्ये राहणार, त्याला इलाज नाही. मी म्हटलं, राहू दे, बरोबरच आहे. दोन्ही कागदांवर मी पोच म्हणून सही केली.

वर आले तर चाचांनी माझा बाक पुसून ठेवला होता. त्यांना बातमी आधीच कळली होती. कशी, ते कोण जाणे. त्यांनी नुसतं विचारलं की कोणता फ्लास्क काढू, लहान की मोठा. मी वही उघडली. आता दहाच रेणू उरले होते, आणि त्यातला कुठला आधी घ्यायचा हे सांगणारं कोणी नव्हतं. डाव्या हातानं पान धरून मी एकेकावरून बोट फिरवलं. मग तिसऱ्यावर खूण केली आणि चाचांना म्हटलं, लहान काढा.